सासूबाईंच्या त्या गोळीत तीन औषधं आहेत

वाचकाचं पत्र, थोडं आखडून:

सर, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत, आयुष्यभर विड्या वळल्या. दिवाळीच्या सुमारास त्यांचं पोट बिघडलं. कळ येते, दोन-तीनदा पातळ होतं, मग बरं वाटतं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी एक गोळी दिली, दिवसातून तीनदा. गुण आला. मग त्या रिकामी पट्टी दाखवून कोपऱ्यावरच्या दुकानातून तीच गोळी आणत राहिल्या. आता सहा महिने होत आले. परवा मी दुसऱ्या दुकानात गेले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, यात झोपेचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही." मी हादरलेच. मोबाइलवर शोधलं, तर गुंगीची औषधं आतड्याच्या स्नायूला चिकटून तो सैल करतात असं वाचलं. म्हणजे ते पोटाचंच औषध झालं ना? सासूबाई तर म्हणतात, "झोपेची असती तर मी रात्री बारापर्यंत टक्क जागी कशाला असते?" त्यांची साखरेची गोळी दसऱ्याला वाढवली आहे. तोंड सारखं कोरडं पडतं. गेल्या आठवड्यात पहाटे उठताना भेलकांडल्या, भिंत होती म्हणून वाचल्या. गोळी बंद करू का? आणि त्यांना शेंगा चटणीशिवाय जेवण जात नाही, ती द्यावी का? पट्टीच्या मागचं सगळं खाली उतरवून दिलं आहे.
— एक सून

ताई,

सगळ्यात आधी हे वाचा: गोळी आजच्या आज बंद करू नका. पण पुढची पट्टी आणायच्या आधी, याच आठवड्यात, सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे जा. एकदम बंद का करायची नाही ते पुढे येईलच.

पट्टीवरचा मजकूर उतरवून पाठवलात हे फार चांगलं केलंत. निम्मी पत्रं "पिवळी गोळी, गोल, मधे रेघ" अशी येतात, त्यावरून काय सांगणार? तुमच्या पट्टीवर आहे: क्लोरडायझेपॉक्साइड ५ मिलिग्रॅम, क्लिडिनियम ब्रोमाइड अडीच मिलिग्रॅम, डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम. एका गोळीत तीन औषधं. दुकानातला मुलगा पहिल्याबद्दल बोलत होता, सासूबाईंचा अनुभव बाकीच्या दोघांचा आहे. दोघंही खरं बोलतायत, आणि म्हणूनच तुमच्या घरात गोंधळ झाला.

आता तुमचा मुख्य प्रश्न. गुंगीचं औषध आतड्याच्या स्नायूला चिकटतं का? मी डॉक्टर नाही, औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आहे, त्यामुळे याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आमच्या वेळी प्रॅक्टिकलला सशाच्या आतड्याचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा काचेच्या नळकांड्यात टांगायचे. आत टायरोडचं द्रावण, म्हणजे मीठ, कॅल्शियम, ग्लुकोज वगैरे मोजून घातलेलं पाणी, ३७ अंशांवर कोमट ठेवलेलं. खालून हवेचे बुडबुडे सोडायचे, माशांच्या टाकीत सोडतात तसे. तुकड्याचं वरचं टोक दोऱ्याने एका हलक्या दांडीला बांधलेलं, आणि दांडीचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर टेकवलेलं. काजळीवर पांढरी रेघ उमटायची. ती रेघ पुसली जाऊ नये म्हणून कागद राळेच्या द्रावणातून काढून वाळत घालायचा. दिवसभर हातांना तो वास यायचा. (हे प्रयोग आता संगणकावर होतात, आणि सशांच्या दृष्टीने ते बरंच झालं.)

पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास दचकायचा. शरीर नाही, मेंदू नाही, तरी तो तुकडा तासन्‌तास आपल्या आपण आकुंचन-प्रसरण पावत राहतो. तुमच्या भागात माग सगळ्यांनी पाहिलेले असतात म्हणून सांगतो, आतड्याला स्वतःची मोटर आहे. काजाल पेशी नावाच्या पेशी ठेका देतात, जठरात मिनिटाला साधारण तीन, लहान आतड्याच्या सुरुवातीला बारा. शिवाय आतड्याच्या भिंतीतच दहा कोटींहून जास्त चेतापेशींचं जाळं पसरलेलं आहे. मेंदू या सगळ्यात जॉबरसारखा, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्या मुकादमासारखा. तो माग चालवत नाही, फेऱ्या मारतो, ओरडतो, एखाद्याचा वेग वाढवायला लावतो.

त्या नळकांड्यात ॲसिटिलकोलिनचे थेंब टाकले की रेघ सरळ वर चढायची. आतड्यातल्या चेतापेशी स्नायूला "आवळ" म्हणून सांगताना हेच रसायन सोडतात. ते स्नायूवरच्या मस्कॅरिनिक रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या ठरलेल्या जागेवर, बसतं, स्नायूच्या पेशीत कॅल्शियम वाढतं, आणि त्या कॅल्शियमच्या जोरावर आतले प्रथिनांचे धागे एकमेकांवर सरकतात. पोटात मुरडा येतो तो हाच. मग ॲट्रोपिन टाकायचं. ते त्याच रिसेप्टरवर जागा अडवून बसतं, आणि आता ॲसिटिलकोलिन आधीइतकंच टाका, रेघ हलत नाही. तुमच्या गोळीतलं क्लिडिनियम आणि डायसायक्लोमिन ही ॲट्रोपिनचीच भावकी. डायसायक्लोमिन त्यावर आणखी थोडं स्नायूवर थेटही काम करतं. सासूबाईंची कळ अर्ध्या-पाऊण तासात थांबते ती या दोघांमुळे.

आणि गुंगीचं औषध? एका वर्षी एका मुलाने हट्टच धरला, "सर, डायझेपाम टाकून बघू." डायझेपाम हे तुमच्या गोळीतल्या क्लोरडायझेपॉक्साइडचंच भावंड. टाकलं. थोडं टाकलं, रेघ ढिम्म. अजून टाकलं, तरी काही नाही. शेवटी इतकं ओतलं की नळकांड्यातलं पाणी गढूळ दिसायला लागलं, तेव्हा रेघ हळूहळू खाली आली. त्या प्रमाणात ही औषधं स्नायूत शिरणाऱ्या कॅल्शियमच्या वाटेत आडवी येतात, हे प्रयोगशाळांमध्ये वारंवार दिसलेलं आहे. तेव्हा मोबाइलवरचं ते वाक्य खोटं नाही. अर्धं आहे. काचेच्या नळकांड्यात जेवढं औषध ओतता येतं, तेवढं ५ मिलिग्रॅमच्या गोळीतून आतड्याच्या स्नायूपर्यंत कधीच पोचत नाही. त्यातही क्लोरडायझेपॉक्साइडचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग रक्तातल्या प्रथिनांना धरून बसलेला असतो, कामाला मोकळा राहतो तो उरलेला.

"चिकटतात" या शब्दामागे आणखी एक गोष्ट आहे, ती मला स्वतःला फार आवडते. या औषधांना मेंदूत ठरलेली जागा आहे, असं १९७७ साली सिद्ध झालं. त्याच वर्षी उंदराच्या मूत्रपिंडात दुसरीच एक जागा सापडली, तिथेही डायझेपाम जाऊन बसत होतं. मेंदूबाहेरची म्हणून तिला परिघीय रिसेप्टर म्हणायला लागले. पुढे ती आतड्यासकट शरीरात बऱ्याच ठिकाणी निघाली, पेशीच्या आत, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणावर. २००६ मध्ये तिचं नावच बदललं, कारण झोपेशी किंवा शांततेशी मेंदूतल्या जागेचं जे नातं आहे ते तिचं नाही. डायझेपाम दोन्हीकडे बसतं. याच कुळातलं क्लोनाझेपाम मेंदूतल्या जागेवर घट्ट बसतं आणि या दुसऱ्या जागेकडे ढुंकूनही पाहत नाही, तरी माणूस शांत होतोच. औषध एखाद्या ठिकाणी चिकटलं म्हणजे तिथेच त्याचं काम झालं असं नसतं. पाहुणा ओट्यावर बसला म्हणून जेवला असं होत नाही.

मग डॉक्टर पोटासाठी हे औषध देतातच का? कारण आतड्याचं गाऱ्हाणं मेंदूत ऐकू येतं आणि मेंदूची धास्ती आतड्यात उतरते. भीतीने पोटात गोळा येतो, आतडं पिळवटतं, परीक्षेच्या सकाळी पोर तीनदा संडासला जातं, हे आपल्या आज्यांना रिसेप्टर माहीत नसताना माहीत होतं. मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींना थोपवायचं काम करतं. क्लोरडायझेपॉक्साइड स्वतः काही थोपवत नाही, गाबाच्या शेजारी बसून त्याचा जोर वाढवतं. जॉबर ओरडायचा थांबतो आणि मागाचा वेग आपोआप उतरतो. आतड्याच्या स्नायूला त्याने बोटही लावलेलं नसतं. क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली बाजारात आलं, आणि लगोलग १९६१ मध्ये अमेरिकेत क्लिडिनियमबरोबर त्याची जोडगोळी निघाली, ती याच हिशेबाने. आपल्याकडे तिच्यात डायसायक्लोमिन घालून त्रिकूट केलं.

पंधरा दिवसांसाठी हा हिशेब ठीक आहे. डॉक्टरांनी पंधराच दिवस लिहिले होते, हे विसरू नका. सहा महिने ही रिकाम्या पट्टीची करामत आहे.

सासूबाईंचा मुद्दा मात्र बिनतोड वाटण्यासारखा आहे: झोपेची असती तर मी जागी कशाला? त्यांना सांगा, शरीर या औषधाला सरावतं. पहिल्या आठवड्यात त्यांना दुपारी पेंग येत होती का, आठवून बघायला सांगा. गुंगीचा भाग सर्वांत आधी बोथट होतो. तोल आणि सावधपणा यांच्यावरचा परिणाम तेवढ्या मुकाट्याने जात नाही. आणि हे औषध शरीरातून लवकर निघत नाही. यकृत त्याचं रूपांतर ज्या पदार्थांत करतं तेही गुंगीचेच, आणि त्यातले काही शरीरात कित्येक दिवस रेंगाळतात. साठीनंतर आणखी जास्त. दिवसाला तीन गोळ्या म्हणजे रोज १५ मिलिग्रॅमची भर, जुनी शिल्लक न संपता. पहाटेचं ते भेलकांडणं मी साखरेच्या किंवा वयाच्या माथी मारणार नाही, निदान डॉक्टरांनी तपासेपर्यंत तरी नाही. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं ते मी सांगायला नको. तोवर रात्री संडासच्या वाटेवर दिवा चालू ठेवा, आणि उठल्यावर खाटेच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभं राहायला सांगा.

कोरडं तोंड हे बाकीच्या दोन औषधांचं देणं. जे रिसेप्टर आतड्यात अडवले जातात तेच लाळेच्या ग्रंथींत असतात, डोळ्यांत असतात, लघवीच्या पिशवीत असतात. आमच्या एका चुलत्यांना अशाच एका पोटाच्या गोळीने लघवी अडली. प्रोस्टेट वाढलेलं होतं, कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. रात्री दोनला नळी घालावी लागली. काचबिंदू असलेल्यांनाही ही औषधं जपून.

आणि एक गोष्ट सोलापूरकरांनी विशेष करून ऐकावी. तेच रिसेप्टर घामाच्या ग्रंथींतही असतात. डायसायक्लोमिन घेणाऱ्याला घाम कमी येतो. पारा ४३-४४ वर गेलेला, वर पत्रा, दुपारी वीज गेलेली, आणि अंगाला घाम फुटत नाही, म्हणजे शरीराचा कूलरच बंद. "आईला हल्ली घामच येत नाही, किती बरं" असं कौतुक घरात कोणी करत असेल तर ते थांबवा. कातडी गरम आणि कोरडी लागली, बोलणं असंबद्ध वाटलं, तर वाट पाहू नका, अंग ओलं करा, वारा घाला आणि सरळ दवाखाना गाठा.

आता एकदम बंद का नाही? सहा महिने गाबाला टेकू मिळाला म्हणून मेंदूने आपली बाजू ढिली सोडलेली असते. टेकू झटक्यात काढला की उलट उसळी येते: झोप उडते, हात थरथरतात, छाती धडधडते, फार मोठ्या मात्रेवर असलेल्यांना फिटही येऊ शकते. हे औषध रेंगाळणारं असल्यामुळे त्रास दुसऱ्या दिवशी नाही, चार-आठ दिवसांनी सुरू होतो. आणि त्यातली खरी गंमत म्हणजे पोटात कळाही येतात. मग माणूस म्हणतो, "बघा, गोळी सोडली आणि दुखणं परत आलं," आणि पुन्हा तीच पट्टी. अशी माणसं मी दुकानांच्या काउंटरपाशी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. डॉक्टर कदाचित तीनाच्या दोन, दोनाच्या एक अशा पायऱ्या लावून देतील, किती दिवसांची एक पायरी ते त्यांनाच ठरवू दे. मधल्या काळात पोटाला दुसरं काही लागलं तर मेबेव्हेरीन आहे, पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल आहेत. पुदिन्यातलं मेंथॉल आतड्याच्या स्नायूत कॅल्शियम शिरण्याची वाट खरोखरच अडवतं. स्नायूला थेट सैल करणारं हवं असेल तर ते हे. पण तेही विचारून.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: साखरेची गोळी दसऱ्याला वाढवली. पोट बिघडलं दिवाळीला. ती गोळी मेटफॉर्मिन असेल, आणि बहुतेक असेलच, तर मळमळ, कळ आणि पातळ शौच हा तिचा अगदी नेहमीचा त्रास आहे, मात्रा वाढवली की हमखास. कधी कधी नुसती जेवणानंतर घेतल्याने किंवा सावकाश विरघळणाऱ्या प्रकारची घेतल्याने तो थांबतो. सहा महिने तीन-तीन औषधं ज्या कळेवर मारली, ती चौथ्या औषधाची निघाली तर? दोन्ही पट्ट्या एकाच पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ठेवा. पोटाचे डॉक्टर वेगळे, साखरेचे वेगळे असतील तर दोघांनाही दोन्ही दाखवा.

तरी एवढ्यावर सोडू नका. तरुणपणापासून पोट असंच असतं तर मी आयबीएस, म्हणजे हळव्या आतड्याचा जुना त्रास, म्हणून निवांत झालो असतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाची सवय बदलली तर आत बघून घ्यायचं असतं, हा नियमच आहे. शौचातून रक्त, वजन उतरणं, रक्त कमी असणं, झोपेतून उठवणारे जुलाब, यांपैकी काही आहे का ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करा म्हणाले तर घाबरून दुसरा दवाखाना शोधू नका. पैशांची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये चौकशी करा.

विड्या वळणाऱ्या बाई म्हणून एक आगाऊ प्रश्न विचारतो, राग मानू नका. सासूबाई मिश्री लावतात का? "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे वाक्य मी पूर्व भागात इतक्यांदा ऐकलंय. ते खरंही आहे. तंबाखूतलं निकोटिन आतड्यातल्या चेतापेशींना डिवचतं. दिवसातून एकदा लावणारीचं पोट एकदा साफ होतं. चारदा लावत असतील तर त्या एका हाताने आतड्याला चाबूक मारतात आणि दुसऱ्या हाताने लगाम ओढणारी गोळी घेतात.

त्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मी बोलणार. क्लोरडायझेपॉक्साइड शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत, आहे. २०१४ पासून अशा औषधांची विक्री डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासकट वेगळ्या वहीत नोंदवायची असते, आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची असते. पट्टीवर लाल चौकटीत तशी सूचना छापलेली असते, परत एकदा पट्टी उलटून बघा. रिकामी पट्टी ही चिठ्ठी नव्हे. ज्या मुलाने तुम्हाला नाही म्हटलं त्याच्यावर तुम्ही बहुतेक चिडला असाल. पुढच्या वेळी त्याच्याकडूनच घ्या.

राहिली शेंगा चटणी. शेंगदाण्याचा दोष नाही, दोष असलाच तर तिखटाचा. मिरचीतलं कॅप्सेसिन आतड्यातल्या वेदनेच्या टोकांना चेतवतं, आणि हळव्या आतड्याला ते जास्त झोंबतं. बंद केलीत तर सासूबाई लपवून खातील, ते नको. सध्या तिखट निम्म्यावर आणा, दाणे मंद आचेवर थोडे जास्त खरपूस भाजा, जिरं वाढवा, आणि मिक्सर न लावता उखळात तेल सुटेपर्यंत कुटा. जेवताना ताटाच्या कडेला चमचाभर वाढा, कडक भाकरीवर पसरून नको. आणि पहिल्या दिवशी तिखट कमी केल्याचं त्यांना सांगू नका.